मऊ भिंग

"बा उलटा टांगलाय!" काळ्या कापडाखालून चांगुणा ओरडली आणि खिदळू लागली.

कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर तिचा बाप भिमाजी पटका सावरत बसला होता. "माझं काय बी हू द्या मास्तर, पर पोरीचा फोटू तेवढा सरळ येऊ द्या," तो म्हणाला.

भिंगारच्या बाजारातला तो स्टुडिओ शमुवेल मास्तरांचा. मिशनच्या शाळेत तीस वर्षं मुलं शिकवून झाल्यावर त्यांनी तो थाटला होता, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की फोटोआधी धडा ठरलेला. बहुतेक जण जांभया देत ऐकत. चांगुणेने मात्र आपण होऊन विचारलं, "एका डब्याला तीन भिंगं कशापायी?"

मास्तरांची कळी खुलली. त्यांनी पहिलं भिंग चढवलं. "हे रुंद. एवढ्याशा खोलीत अख्खं वऱ्हाड मावतं यात. पण कडेला उभा असलेला व्याही उगाच ढेरपोट्या दिसतो, आणि जवळून तोंड काढलं तर नाकच पुढे धावतं." मग दुसरं लावलं. "हे लांब. याला माणसापासून चार पावलं मागे सरायचं. मग नाक, कान, डोळे ज्याचे त्याच्या जागी राहतात. गालावरचा तीळही हे सोडत नाही."

"आन् ह्ये?"

"हे मऊ. यातून उजेड जरा पसरून येतो. सुरकुत्या, डाग सगळं विरून जातं. गोऱ्या मडमा याचाच हट्ट धरतात."

चांगुणा पुन्हा कापडाखाली शिरली. "बा तरणा झाला की!" पण ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "लबाड हाय हे भिंग," ती म्हणाली.

सातव्या वर्षी तिला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण कपाळावर आणि दोन्ही गालांवर वण राहिले. आता ती एकोणिसाची होती. तीनदा माणसं बघायला आली, चहा पिऊन गेली आणि पुन्हा फिरकली नाहीत. अशात नेवाशाकडून मागणी आली. मुलगा मच्छिंद्र, पलटणीत हवालदार. लढाईमुळे रजा नाही, एकदम लग्नालाच येणार. त्याचा थोरला भाऊ गहिनीनाथ याने कळवलं होतं, की मुलीचा फोटो पाठवा, चेहरा स्वच्छ दिसायला हवा, आई त्यावरूनच ठरवील.

मच्छिंद्राला चांगुणेने मावशीच्या गावच्या जत्रेत एकदा पाहिलं होतं. कुस्ती हरल्यावर जिंकणाऱ्याच्या पाठीवर थाप मारून तो हसत आखाड्याबाहेर गेला होता. तो तिला फार आवडला होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मऊच लावा मास्तर," भिमाजी म्हणाला. "एकदा अक्षता पडल्या की मग कोन काय करतंय?"

"आन् मांडवात काय हे भिंग तोंडावर बांधून बसू?" चांगुणा उसळली. "मला लांबच्यातनं काढा मास्तर. हाय तशी. न्हाईच म्हनायचं असंल तर आत्ताच म्हनू द्या त्यास्नी."

मास्तरांनी खोका उघडला. लढाईमुळे मुंबईहून माल येत नव्हता. फोटो जिच्यावर उमटतो ती काच एकच शिल्लक होती, म्हणजे दोन्ही काढू आणि मग ठरवू, ही सोय नव्हती.

"बैस," ते म्हणाले. "लांबच्यातून काढतो."

ती खुर्चीवर बसली, पदर नीट केला आणि हनुवटी वर उचलून थेट कॅमेऱ्याकडे बघू लागली. या पोरीला चौथ्यांदा नकार आला तर हा ताठा मोडेल, असं मास्तरांना वाटलं. कुणाची दया आली की माणसाला आपण त्याच्यापेक्षा शहाणे आहोत असंही वाटू लागतं. मास्तरांनी तिच्याकडे पाठ केली आणि मऊ भिंग चढवलं. भिमाजीने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

दोन दिवसांनी फोटो धुऊन झाला. चांगुणा सुरेख आली होती. मास्तरांनी तो तिला न दाखवता परस्पर टपालाने नेवाशाला पाठवून दिला.

महिन्याभराने बापलेक पुन्हा स्टुडिओत आले. भिमाजीच्या हातात पाकीट होतं. "नेवाशाचं हाय. तुमीच वाचा मास्तर, दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं धाडस न्हाई झालं."

चांगुणा दाराशीच थांबली. मास्तरांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"श्री. भिमाजीराव यांस गहिनीनाथाचा नमस्कार. फोटो पोचला. मुलगी इतकी देखणी, की मातोश्रींनी तो दोनदा हातात घेतला."

भिमाजीचा चेहरा फुलला. मास्तरांनाही हायसं वाटलं. त्यांनी चांगुणेकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मास्तर पुढे वाचू लागले.

"परंतु आता लपवण्यात अर्थ नाही. देवी येऊन आमच्या घरातल्या दोन सुना चार वर्षांत गेल्या. हे आधी कळलं असतं तर आम्हाला कुणी मुलगी दिली नसती, म्हणून बोललो नाही. आता सून करायची ती देवी येऊन गेलेलीच, म्हणजे पुन्हा येण्याची धास्ती नको, असं मातोश्रींनी ठरवलं आहे. तुमच्या मुलीला देवी येऊन गेल्याचं कुणीसं सांगितलं, म्हणूनच मोठ्या आशेने मागणी घातली होती."

मास्तर पत्राची घडी घालू लागले.

"वाचा की," दारातून चांगुणा म्हणाली.

"काल राहुरीकडच्या एका मुलीशी मच्छिंद्राची सुपारी फुटली. ती तुमच्या मुलीच्या पासंगालाही पुरायची नाही. पण काय करणार, आम्ही फोटो उन्हात धरून पाहिला, तुमच्या चांगुणेच्या तोंडावर एकसुद्धा वण नाही."