गाईडमधलं उदाहरण

कापसाचे भाव पडले त्या वर्षी अवधूत सरांनी बी.ए.च्या तत्त्वज्ञानाचं गाईड काढलं. शोषणाच्या प्रकरणात त्यांनी लिहिलं होतं, ‘उदाहरणार्थ, कापूस वेचणारी बाई. आपलं शोषण होतंय, हे तिला कळत नाही.’

महागावकडची निकिता एक दिवस ते गाईड घेऊन स्टाफरूममध्ये आली.

“सर, माही आई कापूस वेचते. तिले हे वाचून दाखवलं. तं म्हणे, ‘मले कळत नाही, हे तुह्या सरले कोनं सांगतलं? मले तं कोनी विचारलं नाही.’”

अशा एकाही बाईशी सर कधी बोलले नव्हते.

“मंग पेपरात काय लिहू, सर?”

“गाईडमधलंच लिही,” सर खाली मान घालून म्हणाले. “मार्क त्यालाच मिळतात.”