अळणी

"तिला घर पायजे, काशे. मी गेल्याबिगर ते तिला मिळायचं नाय," दामू तांडेल बहिणीच्या कानाशी कुजबुजला.

मागच्या दारी सून जमना मासळी साफ करत होती. काशीबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. सातपाटीहून ती घिवलीला भावाला बघायला आली होती, आणि आल्यापासून तिला सगळंच खटकत होतं. घरात पापलेट, म्हाताऱ्याच्या ताटात अळणी भात. सत्त्याऐंशी सालचा तो उन्हाळा कडक होता, तरी पाणी लहानशा भांड्यानं, तेही दहादा मागितल्यावर. सकाळी सून एक पांढरी गोळी द्यायची, की दुपारपर्यंत म्हाताऱ्याच्या लघवीला फेऱ्या. होळीला भरलेला दिसणारा भाऊ आता चिपाड झाला होता.

"कसली गोळी ही?"

"डॉक्टरची हाय, आत्याबाय. बाबांचं काळीज थकलंय. पानी आन् मीठ बेतानं द्या म्हनलेत."

"पान्याबिगर मानूस जगतो?"

जमना पुन्हा मासळीकडे वळली. तेवढ्यानंच काशीबाईची खात्री पटली. आळीदेखत तिनं भावाला टेम्पोत बसवलं. गोळ्यांची पुडी ओट्यावर भिरकावून दिली.

सातपाटीत दामू खुलला. खारा बांगडा, सुक्या बोंबलाचं कालवण, पाणी हवं तेवढं. गाल वर आले. "बघा, माज्या दादाला बाळसं आलं," असं काशीबाई ज्याला त्याला सांगत सुटली. मग पाय सुजले. आडवं झालं की धाप लागू लागली. एका सकाळी तो खिडकीचे गज धरून बसलेला दिसला. ओठ निळे पडलेले, छातीत घरघर.

पालघरच्या इस्पितळात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मग ते काशीबाईकडे वळले. "आजी, यांचं हृदय दुबळं झालंय. आलेलं रक्त पुढं ढकलायची त्याच्यात ताकद नाही. मीठ खाल्लं की पाणी अंगात साठतं, रक्त वाढतं, हृदयावर आणखी ताण येतो, आणि ते पाणी शेवटी फुप्फुसात उतरतं. बाळसं कसलं, सूज होती ती. आधी जो कोणी सांभाळत होता, त्यानंच यांना जगवलं होतं."

निरोप मिळताच जमना आली. सासऱ्याच्या उशाशी बसली. काशीबाईला तिच्याकडे बघवेना.

धाप ओसरली. जमना औषधं आणायला खाली गेली, तशी काशीबाई भावावर वाकली.

"दादा, तुला ठाव नव्हतं?"

"व्हतं की. डॉक्टरनं माज्यासमोरच सांगितलं व्हतं."

"मग ते घराचं?"

दामूनं नजर भिंतीकडे वळवली.

"खोटं. बोंबील खावासा वाटला, काशे. जमनापुढं रडलो, हात जोडले. ती बधली नाय." त्यानं दम घेतला. "तुला मातर एका बोलण्यात पटलं."