रतनगुंजेखाली

"थुंक! आरोही, थुंक म्हणते ना!"

रुपालीने दीड वर्षाच्या लेकीच्या तोंडात बोट फिरवलं. लाळेबरोबर लाल टरफलाचा एक कपचा बाहेर आला. राणीबागेतल्या त्या झाडाखाली पिळवटलेल्या शेंगा आणि लालचुटूक बियांचा नुसता सडा पडला होता. पलीकडे सातवीण फुललेली. त्या उग्र वासाने आधीच डोकं जड झालेलं, त्यात हे.

"काय होवचा नाय गो," सासूबाई बाकावरून म्हणाल्या. "आमच्या गावाक पोरां ह्याच बियांनी खेळतत."

"खेळतात, आई. खात नाहीत!"

तिने मोबाईल उघडला. एक जण लिहीत होता, लाल बी म्हणजे जहर. दुसरा म्हणे, उकडून खातात. दोघांचे फोटो सारखेच दिसत होते. आता खरं कुणाचं मानायचं?

डासांसाठी घातलेल्या लांब बाहीत तोंड खुपसून आरोही मजेत मनगट चघळत होती.

"तो दृष्टीचो दोरो काढ आधी," सासूबाई म्हणाल्या. "मघापासून तोंडात. एवढी शिकलेली तू, आणि असली थेरां ऑनलाइन मागवतंस!"

"असू दे हो. किती जणींनी गाल ओढले तिचे, बघितलंत ना?"

पार्सल नेमकं निघताना हातात पडलं होतं. घाईघाईत टॅक्सीतच फोडून तिने आतला मण्यांचा दोरा बांधला होता. विश्वास नव्हता तिचा. पण न बांधून चैनही पडलं नसतं.

अखेर सापडलं. बिया दोन प्रकारच्या. झाडाची रतनगुंज अख्खी लाल, तिची भीती नाही. वेलीची गुंज लाल, पण तिला काळा ठिपका. चावली गेली तर जिवावर बेतते.

रुपाली गुडघ्यांवर बसली. मूठ मूठ बिया उचलून, उलट्यासुलट्या करून पाहिल्या. सगळ्या अख्ख्या लाल. खोडावर, कुंपणावर, वेल कुठेच नव्हती.

"झाला समाधान?" सासूबाई हसल्या.

रुपालीलाही हसू आलं, आणि रडूसुद्धा. तिने आरोहीला छातीशी धरलं, मुका घ्यायला तिचा हात ओढला आणि चिंब झालेली बाही वर सारली.

सकाळी गच्च ओवलेल्या दोऱ्यात आता एकच मणी उरला होता. लाल. टोकाला काळा ठिपका.