येणं बाकी : एक शिवी

नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीतून शर्मिष्ठाताईंना एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती : माणिकबाई कोळणीची एक सणसणीत शिवी. त्यासाठी गोरेगावहून रिक्षा करून, नवऱ्याला छत्री धरायला लावून, त्या भर दुपारी वेसाव्याच्या धक्क्यावर उभ्या होत्या.

मागणी फार नव्हती. सव्वीस वर्षं माणिकबाईनं त्यांच्या दारात पाटी उतरवली. बोहनी ताईंच्याच हातची, म्हणून ताई हक्कानं भाव पाडायच्या आणि माणिकबाई ओरडायची, "मुडदा बशिवला तुजा! पापलेटाला भेंडीचा भाव देतंस?" मजल्यावरची दारं उघडायची. मग दोघी उंबऱ्यावर बसून बशीतून चहा प्यायच्या. दोन वर्षांपूर्वी ताई मोबाइलवरून साफ केलेली मासळी मागवू लागल्या आणि 'उद्यापासून येऊ नको' हा निरोप त्यांनी वॉचमनकरवी खालच्या खाली दिला. तेव्हापासून ती शिवी येणं होती. एकदा खाल्ली की बोलणं पुन्हा सुरू होईल, असा ताईंचा हिशेब.

"ती ओळखेल तरी का तुला?" विद्याधरराव म्हणाले.

"ओळखेल. आणि धुऊन काढेल."

"मग मी जरा लांब उभा राहतो."

भरतीच्या पाण्यावर पताका लावलेल्या होड्या ओळीनं आल्या. लाल टोप्या घातलेले पुरुष, हिरव्या लुगड्यांतल्या बायका, अंबाड्यांवर अबोलीच्या वेण्या. तिसऱ्या होडीत, अगदी पुढे, माणिकबाई. कोपरापर्यंत सोनं, मांडीवर पाटी, पाटीत थर्माकोलची पापलेटं. होडी धक्क्याला लागली तसे सगळे मोबाइल वर झाले.

ताई गर्दीत घुसल्या. "माणिकबाई! पापलेट देतेस का भेंडीच्या भावात?"

माणिकबाईनं वळून पाहिलं. ओळखलं. नजर क्षणभर अडकली, तेवढ्यावरून ताईंना कळलं. शिवी झेलायला त्यांनी हसत मानही खाली घातली.

माणिकबाईनं पदर सारखा केला, हात जोडले आणि ती फोटोसाठी हसतात तशी हसली. "नमस्कार मॅडम. फोटो काढायचाय ना?"

"अगं, मी... मी ती बोहनीची..."

"काढा, काढा. मागं लोकं थांबलीत."

ताईंनी फोटो काढला.

होडी मागे घेताना धक्क्यावर आपटली. पापलेटं उडाली, दोन पाण्यात पडून तरंगू लागली. माणिकबाई सुकाणूवरच्या भाच्याकडे गर्रकन वळली. "यज्ञेश, मेल्या! डोले काय घरी ठेवून आलास?" अख्खा धक्का खदखदला.

"सुटलीस बाई," विद्याधरराव छत्री घेऊन जवळ आले. "किती अदबीनं बोलली!"

शिवी झकास होती. आवाज तोच, जोर तोच. ती भाच्याला गेली, हसू धक्क्याला. ताईंच्या नावावर फक्त 'मॅडम' जमा झालं.