अंगणातली पाटी

शाळा मंडळाच्या निवडणुकीत माझी घोषणा होती, ‘वस्ती कुठलीही असो, संधी सारखीच’. ती आणि खाली माझं नाव छापलेल्या पाट्या काखेत मारून मी रुळांपलीकडच्या वस्तीत दारोदार हिंडत होतो. अर्नेस्टीनबाईंनी दार उघडलं, पाटी वाचली आणि हसल्या.

“सारखी म्हणे! अहो मिस्टर हॅनली, माझी लेक किझाया लिंडन शाळेत मस्त रमली होती. आमच्या वस्तीला ती शाळा मिळत नाही, म्हणून बहिणीचा पत्ता दाखवला होता. खोटं कशाला बोलू? फेब्रुवारीत काढलं तिला. कुणा मेल्यानं मंडळाला निनावी फोन केला.”

“फार वाईट झालं,” मी म्हणालो.

“निवडून आलात तर शोधाल त्याला?”

“स्वतः लक्ष घालीन.”

“तुमचा मुलगा कुठं असतो?”

“लिंडनलाच.” फेब्रुवारीपर्यंत तिथल्या प्रतीक्षा यादीत त्याचा पहिला नंबर होता, हे काही मी बोललो नाही.

“नशीबवान आहे पोरगं,” बाई म्हणाल्या. माझ्या हातून पाटी घेऊन त्यांनी ती स्वतःच अंगणात ठोकली आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

“रस्त्यावरून तुमचं नाव वाचता येतंय ना?”

“येतंय,” मी म्हणालो.

फेब्रुवारीत मंडळाला केलेल्या फोनवर मी ते नाव सांगितलं नव्हतं.