डोक्यातला पूल

"ताई, नकाशांवर तपासनिसाची सही नाही. उतरवून घेता येणार नाहीत," नागपूरच्या कचेरीतला कारकून म्हणाला.

"अहो, मग किती दिवस डोक्यात घेऊन बसू?"

"सही येईपर्यंत. तोवर इथून हलायचं नाही."

पुलाचे नकाशे इतके अवजड, की नेटवरून जातच नसत. माणसाच्या डोक्यात भरून पाठवावे लागत. त्यासाठी जागा करायला मृण्मयीच्या काही आठवणी पुण्याच्या ऑफिसात काढून ठेवल्या होत्या. दोनच दिवस तर जायचंय, म्हणून तिनं घरातल्याच दिल्या होत्या. आज सहावा दिवस होता.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. "अगं, ही झोपतच नाहीये. तुझं ते गाणं म्हण ना."

पडद्यावर एक बाळ रडत होतं. मृण्मयीनं तळहातावर लिहिलेलं वाचलं: 'शर्वी, माझी मुलगी.' गाणं पुण्यात राहिलं होतं. डोक्यात नुसते खांब होते. तेच ती हळुवार म्हणू लागली, "पहिला खांब बारा मीटर, दुसरा खांब चौदा मीटर..."

बाळाचे डोळे मिटले.

"झोपली गं," नवरा कुजबुजला.

मृण्मयी हसली, आणि कोण झोपली ते तिनं तळहातावर पुन्हा वाचलं.