उगाच वाजणारी पट्टी

हृदय बंद पडण्याआधी अर्धा तास मनगटावरची पट्टी वाजायची. दत्तोबांची या महिन्यात चौथ्यांदा उगाच वाजली आणि शेजारची तनुजा पिठाच्या हातांनीच धावत आली.

"काका, हिची संवेदनशीलता कमी करा ना. माझ्या पोळ्या करपतात!"

"तुझ्या मंदाकाकूची केली होती. लोक उगाच धावतात, म्हणून तीच मागे लागली होती. मग पट्टी वाजायची बंदच झाली. ती गेली त्या दिवशीही वाजली नाही."

तनुजाने हातांचं पीठ पुसलं.

"एक चूक कमी केली की दुसरी वाढते, पोरी. उगाच वाजली तर मला चालतं."

मंदा धावत येणाऱ्यांना द्यायची, तसा त्यांनी आल्याचा चहा ठेवला.

"उगाच आलीस ना? मग चहा घेऊनच जा."